धर्मादाय रुग्णालयाचें दार

‘धर्मादाय’ हा शब्द आपण रुग्णालयांच्या पाट्यांवर नेहमीं वाचतों. परंतु त्या शब्दानें रुग्णाला कोणता हक्क मिळतो, याचा विचार क्वचितच करतों. विश्वस्त संस्थांना करांत सूट मिळते, कांहींना जमीनही अल्प दरानें लाभते. हा भार अखेर समाजच उचलतो. म्हणून गरिबाची शुश्रूषा ही अशा संस्थेची दया नव्हे, तें तिचें देणें आहे.

महाराष्ट्रांत या देण्याचें माप ठरलेलें आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक या कलमाला अनुसरून मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं एक योजना घालून दिली. तिच्याप्रमाणें धर्मादाय रुग्णालयानें १० टक्के खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या बिलांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधींत जमा होते. म्हणजे आपण तेथें उपचार घेऊन पैसे भरले असतील, तर त्या निधींत आपलाही वाटा आहे. निर्धनाला खाट, तपासणी, शुश्रूषा व अन्न यांचें मूल्य पडत नाहीं. औषधें खरेदीच्या किमतीनें धरून तो खर्च निधींतून भागवावयाचा असतो. आणीबाणीच्या प्रसंगीं तर प्राण वांचविण्याचे उपचार आधीं, कागदपत्रें मागाहून.

मग हें दार बंद कां भासतें? कारण खिडकीपाशीं ‘अनामत भरा’ एवढेंच ऐकूं येतें. राखीव खाटेची गोष्ट विचारल्यावांचून सहसा कोणी काढीत नाहीं, आणि विचारावें हें रुग्णाच्या नातलगांना ठाऊक नसतें. शिधापत्रिका गांवीं राहिलेली असते. अशा वेळीं घरांतील सोनें गहाण पडतें.

यास्तव चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. रुग्णालयांतील समाजसेवकाची प्रथम भेट घ्यावी. शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ असावा. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळीं बदलतें, ती विचारून घ्यावी. अर्ज लेखी द्यावा व नकाराचें कारणही लेखी मागावें. तरीही दाद न लागल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करावी.

आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, यांना हें ठाऊक आहे काय? नसल्यास आजच सांगावें. आजार दाराशीं आल्यावर कायदा समजावून घेण्यास कोणाला उसंत नसते.