नव्ह-शापेल : चिखलांतलें एक गांव

फ्रान्सच्या उत्तरेस, बेल्जमच्या सीमेजवळ, पा-द-कॅले विभागांत नव्ह-शापेल नांवाचें एक लहानसें खेडें आहे. ‘नवें प्रार्थनामंदिर’ असा त्या नांवाचा अर्थ. नकाशावर तें चटकन् सांपडत नाहीं; पण आपल्या खडकीच्या छावणीशीं त्याचें नातें रक्ताचें आहे.

येथील भूमि अगदीं सपाट, माती चिकण. थोडें खणलें कीं पाणी लागतें; म्हणून शेतांच्या कडेनें चर काढून पाण्यास वाट करून द्यावी लागते. गांवाच्या पूर्वेस ओबेरचा उंचवटा आहे. आपण सह्याद्रीचीं माणसें त्याला टेकडीही म्हणणार नाहीं! परंतु सपाट मुलखांत तेवढ्या उंचीलाही मोल असतें. वर बसलेल्याचे पाय कोरडे राहतात आणि खालचें सारें त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत येतें.

१९१४ च्या ऑक्टोबरांत जर्मनांनीं हें गांव घेतलें. २८ तारखेस ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या मुंबई सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या त्यावर चालून गेल्या. सॅपरांचें खरें काम पूल बांधण्याचें, खंदक खणण्याचें; त्या दिवशीं ते संगिनी घेऊन घराघरांतून लढले. गांव हातीं आलें, पण पाठीमागून कुमक आली नाहीं, आणि मोठी हानि सोसून त्यांना परतावें लागलें.

पुढें १० मार्च १९१५ रोजीं पस्तीस मिनिटांच्या तोफांच्या भडिमारानंतर हिंदी व ब्रिटिश सैन्यानें तें पुन्हां जिंकलें. गढवाली शिपाई गबरसिंग नेगी याच दिवशीं पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीन दिवसांत उभयतांचे अकरा हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. उंचवटा मात्र शत्रूकडेच राहिला.

तोफांनीं गांवाचा मातीचा ढिगारा झाला. युद्धानंतर लोक परत आले, घरें उभीं राहिलीं, नांगर पुन्हां चालूं लागले. १९२७ सालीं गांवाबाहेर हिंदी सैनिकांचें स्मारक उभारलें गेलें : अशोकस्तंभाची आठवण देणारा पंधरा मीटरांचा स्तंभ आणि सभोंवार वर्तुळाकार भिंत. तिच्यावर ४,७०० हून अधिक नांवें कोरलेलीं आहेत. हीं नांवें अशांचीं, कीं ज्यांची विश्रांतीची जागा कोणासच ठाऊक नाहीं. चिखलानें त्यांना पोटांत घेतलें. नांवें तेवढीं दगडानें राखलीं.