घरच्या गॅरेजला मोठी इम्पॅक्ट गन लागते का?

दहावीला आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा मागच्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर भेटला. आयटीआय झाले, दोन वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे केले, आता घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू केलेय. मोटारसायकली, स्कूटर, अधूनमधून एखादी छोटी कार. म्हणाला, "सर, इम्पॅक्ट गन घ्यायचीय. ट्रकवाले वापरतात ती, एक इंची. हप्त्यावर मिळतेय. घेऊ का?" मोबाईलवर व्हिडिओही दाखवला. ट्रकच्या चाकाचे नट घर्रर्र करत क्षणात मोकळे!

आम्ही शिकवणारे, गॅरेजवाले नव्हे. पण बळ गुणिले अंतर हे तर आम्हीच त्याला फळ्यावर शिकवले होते. म्हणून त्याला म्हटले, "बेटा, आठ दिवस थांब. हिशेब करू, मग बोलू." आमच्या मोहल्ल्यांत असा विचार करणारी पोरे पुष्कळ आहेत, म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

गन नेमके करते काय?

साधा पाना आपण सलग जोर लावून फिरवतो. इम्पॅक्ट गन तसे करत नाही. तिच्या आत एक जड हातोडा गोल फिरतो आणि गोटी जिथे बसते त्या दांडीवर ठोके मारतो, मिनिटाला शेकडो, हजारो. लाकडात रुतलेला खिळा ढकलून हलत नाही, पण ठोक्याने हलतो, तसेच हे. गंजलेला नट ठोक्यांनी सैल होतो आणि आपल्या मनगटाला फार झटका बसत नाही. ही तिची खरी खुबी.

नट फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. जुन्या पुस्तकांत किलो-मीटर लिहिलेले असते, 1 किलो-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन मीटर. परदेशी गनवर फूट-पाउंड असते, 1 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 1.36 न्यूटन मीटर. खोक्यावरचा आकडा वाचताना आधी एकक बघा. शिवाय तो मोठा आकडा बहुतेक वेळा नट सोडवण्याचा कमाल जोर असतो, तोही काही क्षणांचा.

आपल्या कामाला किती जोर लागतो?

मोटारसायकलचा स्पार्क प्लग 10 ते 20 न्यूटन मीटरवर बसतो. इंजिन ऑइलचा खालचा बोल्ट साधारण 20 ते 30. मागच्या चाकाच्या एक्सलचा नट 50 ते 100 च्या आसपास. छोट्या कारच्या चाकाचे नट साधारण 85 ते 120. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा धरायचा. ट्रकच्या चाकाचे नट मात्र 500 ते 700 पर्यंत जातात. एक इंची गन बनली आहे ती ट्रक, ट्रॅक्टर आणि जेसीबीसाठी.

आता फळ्यावरचे गणित. अर्धा मीटर लांबीच्या टॉमीवर, म्हणजे गोटीच्या लांब दांडीवर, 60 किलो वजनाच्या माणसाने अंगाचा भार टाकला, तर सुमारे 600 न्यूटन गुणिले 0.5 मीटर, म्हणजे 300 न्यूटन मीटर जोर होतो. कारच्या चाकाचा नट गंजून दुप्पट घट्ट झाला, तरी 240. म्हणजे ज्या कामासाठी पोरगा हप्ते भरायला निघाला, ते काम एक दांडी करते. वर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे थांबले, तर आणखी सोपे.

हवेच्या गनचा पसारा

एक इंची गन बहुधा हवेवर चालते. तिला एकट्या गनचा खर्च नाही. ती हवा खूप खाते. घरगुती 1 हॉर्सपॉवरचा कंप्रेसर पंक्चर काढायला ठीक, पण या गनपुढे त्याचे प्रेशर लगेच उतरते आणि हजाराचा आकडा कागदावरच राहतो. तिला सहसा 5 हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठा कंप्रेसर, मोठी टाकी आणि जाड पाइप लागतो. 5 हॉर्सपॉवर म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास. घरच्या सिंगल फेज लाइनवर हे झेपत नाही. वर गनचेच वजन खूप. ती घेऊन स्कूटरच्या खाली वाकून काम करून बघा!

आणि आवाज. गन चालताना कानाला इजा होईल इतका असतो. शेजारी आजारी म्हातारे, अभ्यास करणारी मुले असतात. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे.

जास्त जोराचे नुकसान

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. जोर कमी पडला तर नट सुटत नाही, एवढेच. जोर जास्त झाला तर गाडी बिघडते, कधी माणूस दगावतो. मोटारसायकलच्या इंजिनचे खोके ॲल्युमिनियमचे असते. त्यात गनने बोल्ट कसला की आटे गेलेच समजा. चाकाचा स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी चालत्या गाडीत तुटू शकतो. नट कमी-जास्त कसले गेले तर ब्रेकची डिस्क वाकते आणि ब्रेक दाबताना गाडी थरथरते.

आमच्याच बाबतीत घडलेले सांगतो. एका हायवेवरच्या दुकानात टायर बदलून घेतले. पोराने गनने नट कसून दिले. महिन्याने रात्री पंक्चर झाले. गाडीत घरची मंडळी, डिकीत आखूड एल-पाना. नट काही हलेना. शेवटी एका ट्रकवाल्या भल्या माणसाने पान्याला पाइप लावून सोडवून दिले. त्या पोराने मुद्दाम केले नव्हते, त्याला वाटले घट्ट म्हणजे चांगले. गिऱ्हाईक गाडी सोपवते तेव्हा ती अमानत असते. नट हाताने लावून सुरू करायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यायचे आणि शेवटचा कस टॉर्क रेंचनेच द्यायचा. गन कितीही भारी असो, हे काम तिचे नाही.

मग घ्यायचे काय?

आमचा सल्ला असा. पहिले, चांगली गोटी सेट आणि अर्धा मीटरची टॉमी. दुसरे, टॉर्क रेंच. स्पार्क प्लगसारख्या बारीक कामाला छोटा आणि चाकासाठी मोठा, असे दोन असले तर उत्तम. काम झाल्यावर सेटिंग खाली उतरवून ठेवावे. तिसरे, धंदा बसल्यावर अर्धा इंची, बॅटरीवरची मध्यम गन, सोडवायचा जोर 250 ते 400 न्यूटन मीटर.

ही छोटी गन ऐश नव्हे, कामाची वस्तू आहे. क्लचचा किंवा मॅग्नेटचा नट सोडवताना शाफ्टच फिरतो, तिथे ठोके फार उपयोगी पडतात. पण तिला काळ्या इम्पॅक्ट गोट्याच लावाव्यात. चकचकीत साध्या गोट्या ठोक्यांनी फुटतात आणि तुकडा डोळ्यात जातो. चष्मा घालणे यात लाज कसली?

ज्याच्याकडे रोज ट्रक-टेम्पो येतात, त्याने मोठी गन जरूर घ्यावी. त्याची ती गरज आहे. महिन्यातून एखादा टेम्पो येत असेल, तर चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक घ्यावी, किंवा ते काम शेजारच्या उस्तादकडे पाठवावे. रोजी देणारा अल्लाह आहे, एक गिऱ्हाईक पाठवल्याने ती कमी होत नाही.

राहिला हप्ता. "व्याज नाही" असे म्हणतात, पण प्रोसेसिंग फी किती, रोखीची सूट कशी गेली, एक हप्ता चुकला तर दंड काय, हे कागदावर वाचा. सुदाचा पैसा धंद्याच्या पायात घातला की बरकत जाते, असे आपण मानतो. साध्या हिशेबानेही बघा, गन महिन्यातून दोनदा चालणार आणि हप्ता दर महिन्याला जाणार. गरज खरी असेल तर घरातल्यांकडून, मित्रांकडून कर्जे हसना मागावे, ठरल्या दिवशी फेडावे. गरज नसताना घेणे हा इस्राफच.

आठ दिवसांनी तो मुलगा आला, तेव्हा हा हिशेब त्याच्यापुढे ठेवला. थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "सर, टॉर्क रेंच घेतो आधी." आम्ही म्हटले, घे. आणि आमच्या गाडीचे नट पहिल्यांदा तूच तपास.