आजीचा गोवर आणि नातवाची लस



दिवाळीनंतर सातपुड्यातील आमच्या पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. गेल्या मोसमात निघायच्या आदल्या दिवशी एका आजीने मला विचारले, "ताई, मला लहानपणी गोवर आला, पुन्हा कधी आला नाही. माझंच रक्त नातवात आहे. मग त्याला सुई कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आजीच्या शरीराने गोवराच्या विषाणूला निकामी करणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार केली आणि ती कशी करायची हे लक्षातही ठेवले. ही आठवण फार टिकते. 1846 साली फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेली म्हातारी माणसे 65 वर्षांनंतरही त्यातून सुटली, अशी नोंद डॉ. पीटर पानुम यांनी केली आहे.

बाळाची प्रतिपिंडे मात्र उसनी असतात. ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून वारेतून येतात आणि जन्मानंतर काही महिन्यांत संपत जातात. तान्हे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवते, पण मोठ्यांच्या मानाने ती कमी आणि कमजोर असतात. शिवाय आईची प्रतिपिंडे अंगात असताना लस दिली, तर ती लशीलाच अडवतात. म्हणून पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत देतात.

"गोवर येऊन जाऊ द्या, अंग घट्ट होईल," असेही काहीजण म्हणतात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांची इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. गोवर उतरल्यावरही मुले इतर आजारांना बळी पडतात, त्याचे हे एक कारण आहे.

आजीचा नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता. मी कार्ड गाठोड्यात बांधून दिले आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यातही लस मोफत मिळते हे सांगितले. होळीला ते परतले, तेव्हा कार्डावरचा तो रकाना रिकामाच होता. त्याच आठवड्यात नर्सबाईंनी डोस दिला. मधले महिने बाळ सुखरूप राहिले, ही देवाची कृपा.

यंदा निघणाऱ्या प्रत्येक घराला आम्ही कार्डावरची पुढची तारीख वाचून दाखवत आहोत. या कामासाठी आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवावी.