खाडीचे घड्याळ

माझे बालपण मालेगावात मोसम नदीच्या काठी गेले. नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते, एवढेच मला ठाऊक होते. पुढे अब्बांना नवी मुंबईत काम मिळाले आणि आम्ही बेलापूरला राहायला आलो. घराजवळच खाडी होती. भर दुपारी सामान उतरवताना पाहिले, तर खाडी काठोकाठ भरलेली. संध्याकाळी पुन्हा गेलो, तर पाणी गायब! जिकडेतिकडे काळा चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या.

चिखलात खेकडे पळत होते. मी चपला काढून आत शिरलो. थोड्याच वेळात पाय गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय ओढावा, तर दुसरा अधिकच रुते. इतक्यात पायांभोवती पाणी चढू लागले. मी घाबरून ओरडलो. दिवाळे गावातले एक वृद्ध कोळी जवळच जाळे दुरुस्त करत होते. त्यांनी दोर फेकून मला बाहेर ओढले.

"पोरा, खाडीत उतरायच्या आधी तिचं घड्याळ बघावं!" ते म्हणाले.

"कुठे आहे घड्याळ, काका?"

त्यांनी पूर्वेकडे बोट दाखवले. डोंगरामागून पुनवेचा चंद्र वर येत होता.

चंद्र आपल्या आकर्षणाने समुद्राचे पाणी ओढतो. त्यामुळे पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूला आणि विरुद्ध बाजूलाही पाणी फुगते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्रही पुढे सरकत असल्याने भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येते. तेव्हा मोठी भरती येते; तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तिला भांग म्हणतात.

काकांनी मला एक हिशेबही शिकवला. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. अष्टमीला ८ × ३ = २४; २४ ÷ ४ = ६. म्हणजे त्या दिवशी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा आहे.

घरी दादींना हे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "मग आपल्या चांदच्या तारखाही हेच सांगतील की!" खरेच होते. अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी चंद्रकोर दिसते आणि आपला महिना सुरू होतो. म्हणून चौदाव्या रात्रीच्या आसपास खाडीला उधाण असते.

हे घड्याळ शहरालाही पाळावे लागते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसला आहे. त्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. भरती चढली की पाण्याच्या दाबाने त्यांच्या झडपा बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते पाणी खाडीत जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर मात्र संकट ओढवते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच भरती असल्याने पाण्याचा निचरा लवकर झाला नाही.

रोहित पक्षीही हे घड्याळ जाणतात. ओहोटीला ते चिखलात चरतात आणि भरती येताच नेरुळच्या पाणथळीकडे उडतात.

आता मी खाडीकडे निघालो, की आधी तारीख आठवतो. चिखल कितीही शांत दिसला, तरी त्यात पाऊल टाकत नाही. पाणी परत येणार, हे मला पक्के ठाऊक झाले आहे.

शब्दार्थ : कलंडणे – एका बाजूला झुकणे. रुतणे – चिखलात अडकणे. सखल – खोलगट. निचरा होणे – पाणी वाहून जाणे.

स्वाध्याय
१. लेखक चिखलात का अडकला?
२. उधाण आणि भांग यांत काय फरक आहे?
३. चतुर्थीला भरती किती वाजता पूर्ण होईल? हिशेब करून लिहा.