कोणीही बदलू शकतो, मग भरवसा कशाचा? विकीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

विकी म्हणजे असे संकेतस्थळ, ज्याची पाने वाचणाऱ्यालाच ब्राउझरमधून बदलता येतात आणि बदललेले पान सहसा लगेच सर्वांना दिसते. असे पहिले संकेतस्थळ अमेरिकी प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केले. सॉफ्टवेअर रचताना पुन्हा पुन्हा भेटणारे प्रश्न आणि त्यांवरचे तोडगे प्रोग्रॅमरांनी मिळून लिहून ठेवावेत, हा त्यामागचा हेतू होता. विकिपीडियाचा जन्म त्यानंतरचा, १५ जानेवारी २००१चा. म्हणजे विकी आणि विकिपीडिया एकच, ही सर्वांत रूढ समजूत मुळातच चुकीची आहे. विकिपीडिया हा विकी पद्धतीने लिहिला जाणारा ज्ञानकोश आहे. त्याच पद्धतीने आर्च लिनक्स या संगणकप्रणालीची माहितीपुस्तिका लिहिली जाते आणि कित्येक कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रेही ठेवली जातात. उलट विकिलीक्सच्या नावात विकी असले, तरी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनशी त्याचा काही संबंध नाही आणि तिथली कागदपत्रे वाचकाला बदलताही येत नाहीत.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. कोणीही काहीही लिहू शकतो, तेव्हा कोणीही सगळे पुसूनही टाकू शकतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात विकीवर लिहिलेले सहजासहजी पुसले जातच नाही. मराठी विकिपीडियावरच्या कोणत्याही लेखाचा इतिहास उघडला की ओळीमागून ओळ लागते. बदल कधी झाला, कोणी केला, पानात किती मजकूर वाढला किंवा घटला आणि बदल करणाऱ्याने त्याचे कारण काय दिले, हे प्रत्येक ओळीत असते. यांतल्या कोणत्याही दोन आवृत्त्या निवडल्या की त्या शेजारी शेजारी उघडतात; काढलेले शब्द एका रंगात, घातलेले दुसऱ्या रंगात. एखाद्याने अख्खा लेख पुसला, तर पुसण्याची तेवढी एक नोंद इतिहासात वाढते आणि आधीची आवृत्ती एका टिचकीत परत आणता येते. नासधूस करायला जेवढे श्रम पडतात, त्याहून कमी श्रमांत ती निस्तरता येते. विकीची सारी मदार या हिशेबावर आहे. लोकांच्या चांगुलपणावर डोळे झाकून टाकलेला तो विश्वास नव्हे.

मात्र हा हिशेब कोणी लक्ष ठेवत असेल तरच जुळतो. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्या इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे धादांत खोटे विधान कोणीतरी घातले. ते सुमारे चार महिने तसेच राहिले. इतिहासात नोंद होती, पण ती पाहणारे कोणी नव्हते. त्यानंतर डिसेंबर २००५ पासून इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करण्यासाठी नोंदणी सक्तीची झाली. जर्मन विकिपीडियाने २००८ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे नवख्या संपादकाचा बदल अनुभवी सदस्याने तपासल्यानंतरच सर्वसामान्य वाचकाला दिसतो.

म्हणूनच विकीवर कसलेच नियम नसतात, हेही खरे नाही. सतत खोडसाळपणा होणारी पाने काही काळ किंवा कायमची सुरक्षित करता येतात आणि मग ती नवख्यांना बदलता येत नाहीत. अशी कुलपे लावण्या-काढण्याचे अधिकार प्रचालकांकडे असतात. मतभेद झाला तर तो लेखामागच्या चर्चा पानावर मांडायचा असतो; सर्वांच्या उपयोगाच्या विषयांसाठी मराठी विकिपीडियावर चावडी आहे आणि नवशिक्यांना हात बसवायला धूळपाटी. शिवाय विकी सार्वजनिकच असला पाहिजे असे मुळीच नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. एखादी संस्था ते आपल्या सर्व्हरवर बसवून केवळ आपल्या सभासदांपुरते ठेवू शकते. लहान गटासाठी डोकुविकी सोपे पडते, कारण त्याला डेटाबेस लागत नाही. पाने साध्या मजकूर-फायलींत साठवली जातात.

विश्वासार्हतेच्या वादात ‘नेचर’ या नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये केलेल्या तुलनेचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांनी तपासले. इंग्रजी विकिपीडियात लेखामागे सरासरी चार आणि ‘एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका’मध्ये तीन चुका किंवा उणिवा निघाल्या. ब्रिटानिकाने तपासणीच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतले. या आकड्यांवरून विकी छापील कोशाइतकाच विश्वसनीय असतो, असा सरसकट निष्कर्ष काढणे ही उलट दिशेची चूक होईल. ती तुलना इंग्रजीतल्या विज्ञानलेखांची होती. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला आणि त्यावर आज ९० हजारांहून अधिक लेख आहेत, पण त्यांवर नजर ठेवणारे इंग्रजीच्या मानाने फार थोडे. त्यामुळे प्रत्येक लेख त्याच्या संदर्भांवरून आणि इतिहासावरून वेगळा जोखावा लागतो. विकिपीडियाचे धोरणही स्वतःच्या लेखांना पुराव्याचा दर्जा देत नाही. वाचकाने मूळ संदर्भापर्यंत जावे, हीच तिथली अपेक्षा आहे.

तज्ज्ञांनी आधी तपासावे आणि मगच छापावे, हा उपाय विकिपीडियाच्या जनकांनीच करून पाहिला होता. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांच्या न्यूपीडियात प्रत्येक लेख सात टप्प्यांतून जात असे. २००० मध्ये सुरू झालेला तो कोश २००३ मध्ये बंद पडला तेव्हा पूर्ण झालेले लेख दोन डझनांच्या आसपासच होते.

तरीही विकीत काटेकोर तपासणी बसत नाही असे समजू नये, आणि याचे उत्तम उदाहरण मराठीतच आहे. विकिस्रोत या प्रकल्पात स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तके टंकलिखित स्वरूपात आणली जातात. भारतात ही मुदत सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. पडद्यावर एका बाजूला छापील पानाचे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्र ‘घ’ला ‘ध’ समजते, ‘भ’ला ‘म’ करते, पुसट अनुस्वार गाळते. एका सदस्याने पान ओळीगणिक ताडून दुरुस्त केले की त्याचा रंग लालऐवजी पिवळा होतो. ते हिरवे मात्र दुसऱ्याच सदस्याला करता येते. स्वतः तपासलेल्या पानावर स्वतःच अखेरची मोहोर उमटवायला सॉफ्टवेअर मुभा देत नाही. पुस्तक शेकडो पानांचे असले तरी कोणी पाच पाने तपासतो, कोणी पन्नास, आणि कोणते पान किती भरवशाचे हे रंगावरूनच कळते.

विकीवरचा मजकूर कोणाच्याच मालकीचा नसतो, ही समजूतही घोटाळ्याची. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतो. तो कोणीही वापरावा, विकावासुद्धा, पण श्रेय द्यावे आणि त्यावर बेतलेला मजकूरही त्याच अटींवर खुला ठेवावा. वृत्तपत्रातला परिच्छेद उचलून लेखात चिकटवणे मात्र या परवान्यात बसत नाही. असा मजकूर काढला जातो.

कार्यालयांत आणि संस्थांत वेगळाच गैरसमज आढळतो. गूगल डॉक्स आहे, मग विकी कशाला, असे विचारले जाते. दोन्ही ठिकाणी अनेकांना लिहिता येते, पण कामाची जात निराळी. गूगल डॉक्समध्ये एका वेळी चार जण एकच अहवाल लिहीत बसू शकतात. मसुदा तयार करायला ते सोयीचे. विकी कामी येतो तो एकमेकांत गुंतलेल्या शेकडो पानांसाठी. लिहिताना अजून नसलेल्या पानाचाही दुवा देता येतो. तो लाल दिसतो आणि काय लिहायचे राहिले आहे हे सर्वांना सांगतो.

विकी एकदा उभारला की आपोआप भरत जातो, ही अपेक्षा सर्वांत महागात पडते. उत्साहाने सुरू केलेले कितीतरी अंतर्गत विकी जुन्या दूरध्वनी क्रमांकांचे आणि रद्द झालेल्या कार्यपद्धतींचे कोठार होऊन बसतात. प्रत्येक महत्त्वाच्या पानाकडे कोण पाहणार हे ठरवावे लागते, दुहेरी झालेली पाने एकत्र करावी लागतात. या कामासाठी मीडियाविकीत तयार याद्या असतात: कोणत्याही पानाने न जोडलेली पोरकी पाने, ज्यांचे दुवे अनेक ठिकाणी आहेत पण जी लिहिलीच गेलेली नाहीत अशी पाने, आणि प्रदीर्घ काळ कोणी हात न लावलेली पाने. शेवटची यादी सर्वांत जुन्या पानापासून सुरू होते, त्यामुळे आवराआवर कुठून सुरू करायची हे तिच्यावरूनच ठरवता येते.