ओमाकासे : निवडीचा त्याग आणि विश्वासाचे अर्थकारण

प्रस्तावना :

जपानमधील सुशीच्या भोजनगृहात 'ओमाकासे' असे सांगणारा ग्राहक काय खावे याची निवड सर्वस्वी आचाऱ्यावर सोपवतो. 'माकासेरु', म्हणजे सोपवणे, या क्रियापदापासून हा शब्द आला आहे. आधुनिक बाजारव्यवस्थेत निवडीचे स्वातंत्र्य हा ग्राहकाचा मूलभूत अधिकार मानला जातो. तो अधिकार ग्राहक येथे आपखुशीने का सोडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

सुशी ही मुळात मासे टिकवण्याची पद्धत होती. खारवलेले मासे शिजवलेल्या भातात दीर्घकाळ आंबवले जात. बिवा सरोवराच्या परिसरातील 'फुनाझुशी' हे त्याचे आजही टिकून असलेले रूप होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरात, व्हिनेगर मिसळलेल्या भाताच्या लहानशा मुटक्यावर माशाचा काप ठेवून तो लगेच खाण्याचा 'निगिरी' हा प्रकार रूढ झाला. त्याचे श्रेय सामान्यतः हानाया योहेई (१७९९-१८५८) यांना दिले जाते. त्या काळी बर्फ व शीतपेट्या उपलब्ध नसल्याने मासे सोया सॉसमध्ये मुरवणे, मीठ व व्हिनेगर लावणे किंवा शिजवणे आवश्यक असे. निगिरी हे हातगाडीवर उभ्याने खाण्याचे अन्न होते. आजच्या महागड्या काउंटरचा पूर्वज असा रस्त्यावरचा आहे.

लहान जागेचे प्रयोजन :

ओमाकासेचे काउंटर बहुधा आठ-दहा आसनांचेच असते. गिंझासारख्या महागड्या भागात अशी अनेक दुकाने तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असून त्यांची पाटीही सहज नजरेस पडत नाही. हा लहानपणा केवळ दिखाव्यासाठी नसतो. निगिरीचा भात साधारणपणे शरीराच्या तापमानाइतका कोमट असावा व ती हातावेगळी होताच खाल्ली जावी, असा संकेत आहे. एक आचारी एका वेळी मोजक्याच व्यक्तींना अशा रीतीने वाढू शकतो. वाढण्याचा क्रमही बहुतांशी ठरलेला असतो : आरंभी सौम्य चवीचे मासे, नंतर स्निग्ध व तीव्र चवीचे आणि शेवटी पुष्कळदा अंड्याची गोडसर वडी.

माहितीची विषमता व विश्वास :

विक्रेत्यास मालाची खरी प्रत ठाऊक असते, खरेदीदारास नसते. या विषमतेमुळे बाजार कसा बिघडतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. आज कोणता मासा उत्तम आहे, हे ग्राहक जाणू शकत नाही. छापील यादीतूनही ते कळत नाही. आचाऱ्याला मात्र ते ठाऊक असते. शिळा माल ग्राहकाच्या माथी मारण्याची संधीही त्यालाच असते. तिला दोन गोष्टींनी आळा बसतो. मासा ग्राहकासमोरच कापला जातो आणि घास घेतलेल्या ग्राहकाचा चेहरा आचाऱ्याला पाहावाच लागतो. शिवाय आचारीही विशिष्ट माशांच्या जाणकार व्यापाऱ्यांवर विसंबून असतो. त्सुकिजी येथील मासळीबाजारातील (ऑक्टोबर २०१८ मध्ये हा घाऊक बाजार तोयोसु येथे हलवण्यात आला) अशा दीर्घकालीन संबंधांचे विवेचन मानववंशशास्त्रज्ञ थिओडोर बेस्टर यांनी २००४ च्या ग्रंथात केले आहे. ओमाकासे ही अशा रीतीने विश्वासाची साखळी ठरते. ग्राहक हा तिचा शेवटचा दुवा होय.

मर्यादा :

या विश्वासाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. गिंझातील एका कार्यालयीन इमारतीच्या तळघरात असलेल्या, दहा आसनांच्या 'सुकियाबाशी जिरो' या दुकानास २००७ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने तीन तारे दिले. २०११ च्या माहितीपटाने ते जगभर पोहोचले. २०१४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा तेथे जेवले. परंतु २०१९ मध्ये मार्गदर्शिकेने ते वगळले. कारण चवीचे नव्हते. सर्वसामान्यांना तेथे आसन राखून ठेवणे शक्य राहिले नव्हते. नेहमीचे ग्राहक किंवा मोठ्या हॉटेलांची शिफारस यांखेरीज प्रवेश दुरापास्त झाला होता.

समारोप :

ओमाकासेमध्ये ग्राहक निवड सोडतो आणि त्या बदल्यात आचारी उत्तरदायित्व स्वीकारतो. हा व्यवहार परस्परांच्या ओळखीवर उभा असल्याने तो लहान जागेतच टिकतो. परंतु त्याच ओळखीमुळे अनोळखी माणूस दाराबाहेर राहतो. हातगाडीवर कोणालाही मिळणारा घास मोजक्यांपुरता उरावा, ही या विश्वासाची किंमत आहे. ज्या व्यवस्था ओळखीच्या बळावर गुणवत्ता राखतात, त्या सर्वांनाच हा प्रश्न लागू पडतो.