नव्या मत्स्यपेटीतील पाण्याची निगा

घरात किंवा शाळेत हौसेने मत्स्यपेटी मांडली जाते. पाणी नितळ व मासे चपळ, असा पहिला आठवडा आनंदात जातो. पुढे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात व एकेक करून मरतात. दोष विक्रेत्यास दिला जातो. परंतु खरे कारण बहुधा पाण्यातच असते.

पहिला धोका क्लोरीनचा. बेळगाव शहरास राकसकोप व हिडकल जलाशयांतून मिळणारे पाणी शुद्ध करून पुरविले जाते. खेड्यांतून विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. माणसास हितकर असलेले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस मात्र इजा करते. म्हणून पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात किमान २४ तास उघडे ठेवून मगच वापरावे.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. पाणी अल्कधर्मी वा उष्ण असल्यास त्याची बाधा वाढते. म्हणून जड पाण्याच्या विहिरींच्या गावी व उन्हाळ्यात विशेष जपावे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. शेतात शेणखतातील नत्र पिकास उपलब्ध करून देणारी क्रियाही हीच होय. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे नसतात. ते वाळूवर व गाळणीत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात पुढील दक्षता घ्यावी. ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद पेटीत २५ सें.मी. उंचीपर्यंत पाणी भरल्यास ते ४५ लिटर होते. त्यात आरंभी तीन-चार गप्पी मासेच सोडावेत. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य दिवसातून एकदा द्यावे. आठवड्यातून एकदा सुमारे ११ लिटर, म्हणजे एक चतुर्थांश पाणी बदलावे. मासे धापा टाकू लागल्यास तेवढेच पाणी त्वरित बदलावे व खाद्य थांबवावे. जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर वाळू मिळाल्यास ती घालावी. त्यासोबत उपयुक्त जीवाणू येतात.

मासे मरताच पेटी रिकामी करून वाळू साबणाने धुण्याची चूक अनेकजण करतात. त्यामुळे नुकतेच वाढू लागलेले जीवाणू नष्ट होतात आणि संकट पुन्हा आरंभापासून उभे राहते. वाळू व गाळणी पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावी. ते पाणी फेकू नये; फुलझाडांस घालावे, त्यातील नायट्रेट खतासारखे उपयोगी पडते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवून घ्यावी. नितळ दिसणारे पाणी माशांस मानवेलच असे नाही, हा धडा त्यांस पेटीतूनच मिळेल.